दत्तक घेतलेला देश

मूल दत्तक घेतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्या घरी पाळणा हलला नाही तो दुसऱ्याचे मूल मांडीवर घेतो, त्याला आपले नाव लावतो आणि ते मूल त्या घरचे होते. पण जाणत्या वयाच्या माणसाने देशच दत्तक घ्यावा, त्याचे नाव आपल्यापुढे लावावे, त्याच्या निशाणासाठी जिवावरचा खेळ खेळावा, याला काय म्हणाल? कोणी म्हणेल, जन्मभूमीकडे पाठ फिरवली. कोणी म्हणेल, जिथे पोट भरते तो आपला मुलूख. आज ज्या बाईची हकीकत तुम्हांला सांगायची आहे, तिच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरे तोकडी पडतात.

तिचे नाव अल्योना सावचेन्को. जन्म युक्रेनमधला, पण तिची मोठी पदके सारी जर्मनीच्या खात्यावर आहेत. खेळ बर्फावरचा, आणि तोही एकटीचा नव्हे, जोडीचा. तो जोडीचा आहे म्हणूनच ही गोष्ट घडली. तेव्हा आधी खेळ समजून घेऊ.

थंड मुलखात हिवाळ्यात तळी गोठतात, आणि वरचा थर इतका घट्ट होतो की त्यावरून माणसे खुशाल चालतात. बुटाच्या तळाला पोलादी पाते बसवून या बर्फावरून घसरत जाणे म्हणजे स्केटिंग. पात्याच्या खालच्या अंगाला पन्हळीसारखी बारीक खाच असते. त्यामुळे एकाच पात्याला दोन धारा होतात, एक आतली, एक बाहेरची. शरीर जिकडे कलते तिकडची धार बर्फात रुतते आणि खेळाडू वळण घेतो. पूर्वी अशा वळणांनी बर्फावर आकृत्या काढीत, त्यावरून फिगर स्केटिंग हे नाव पडले. यात शर्यत नसते. साधारण ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशा बर्फाच्या मैदानावर, संगीताच्या तालावर, उड्या आणि गिरक्या करून दाखवायच्या असतात. पंच गुण देतात. एक खेळ छोटा, एक मोठा. दोन्हींच्या गुणांची बेरीज होते.

जोडीच्या प्रकारात एक पुरुष आणि एक स्त्री असते. पुरुष स्त्रीला हात ताठ करून डोक्यावर उचलतो आणि तसाच घसरत जातो. कधी तो तिला हवेत फेकतो. ती तीन गिरक्या घेऊन, पाठ पुढे करून, एका पायाच्या एका पात्यावर उतरते. कधी दोघे शेजारीशेजारी एकाच क्षणी तीच उडी घेतात. बैलजोडी नवी असली की सूर लागायला वेळ लागतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. एक पुढे ओढतो, दुसरा मागे रेंगाळतो आणि तास वाकडा जातो. इथे तास वाकडा गेला तर बाई माणसाच्या उंचीवरून बर्फावर आदळते, आणि बर्फ म्हणजे फरशीच. तेव्हा जोडीदार जमणे हाच या खेळाचा पाया. उंची जुळली पाहिजे, ताल जुळला पाहिजे आणि मुख्य म्हणजे भरवसा जुळला पाहिजे. असा जोडीदार आपल्या देशात मिळालाच नाही, तर खेळाडूने काय करावे? देश बदलण्याची गोष्ट इथून सुरू होते.

ही गोष्ट आजकालची आहे असे मात्र समजू नका. लुडोविका नावाची एक मुलगी १८८४ साली जर्मनीत पोट्सडाम येथे जन्मली. तिचा बर्फावरचा जोडीदार वॉल्टर याकोबसन हा फिनलंडचा. पुढे दोघांचे लग्न झाले, आणि माहेर जर्मनी व सासर फिनलंड अशी तिची स्थिती झाली. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये या नवराबायकोने सुवर्णपदक मिळवले, ते फिनलंडच्या नावाने. फिनलंडला स्वतंत्र होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. म्हणजे एका नव्या राष्ट्राच्या पदकात एका जर्मन मुलीचा अर्धा वाटा होता. लग्नाने देश बदलला, त्यामुळे कोणाच्या भुवया फारशा उंचावल्या नसतील. सुनेचे घर ते हेच, असे जगच मानते. अल्योनाच्या बाबतीत मात्र लग्नाचा धागा नव्हता. तिथे होता तो केवळ खेळाचा धागा.

अल्योनाचा जन्म १९ जानेवारी १९८४ चा, ओबुखिव या गावचा. हे गाव युक्रेनची राजधानी कीव हिच्या दक्षिणेस, सुमारे ४५ किलोमीटरवर. गावच्या गोठलेल्या तळ्यावर ती लहानपणी प्रथम घसरायला शिकली. तेव्हा युक्रेन हे स्वतंत्र राष्ट्र नव्हते. सोव्हिएत संघराज्याचा तो एक भाग होता. जोडी-स्केटिंगमध्ये सोव्हिएत संघराज्याचा दरारा असा होता की, १९६४ पासून दर ऑलिंपिकमध्ये या प्रकाराचे सुवर्णपदक त्यांच्याकडेच जाई. संघराज्य मोडल्यावरही ते रशियाच्या खेळाडूंनी राखले, आणि २००६ पर्यंत ही साखळी तुटली नाही. सरकार मैदाने बांधी, शिक्षक नेमी, मुले निवडी. कारखान्यात माल तयार व्हावा तसे खेळाडू तयार होत.

१९९१ च्या डिसेंबरात हे संघराज्य मोडले. अल्योनाला तेव्हा आठवे वर्ष सरत होते. युक्रेन स्वतंत्र झाला, ही आनंदाची गोष्ट. पण घर वाटून घेतले की भांडीकुंडीही वाटली जातात. खेळाची ती अवाढव्य व्यवस्था मोडली. पैशाची चणचण आली. कितीतरी शिक्षक आणि खेळाडू परदेशी निघून गेले. तरी गुण काही आटला नव्हता. १९९४ साली ओक्साना बायुल या युक्रेनी मुलीने एकेरीत ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले, आणि २००० साली १६ वर्षांच्या अल्योनाने स्तानिस्लाव मोरोझोव या जोडीदाराबरोबर कुमारांचे जगज्जेतेपद मिळवले. २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये ही जोडी युक्रेनकडून उतरली आणि १५ वी आली. त्याच वर्षी जोडी फुटली. अठरा वर्षांची मुलगी, अंगात कला, मनात ईर्षा, आणि हात धरायला कोणी नाही.

आता नकाशावर पश्चिमेकडे या. जर्मनीच्या पूर्व भागात केम्निट्स नावाचे शहर आहे. १९५३ पासून १९९० पर्यंत त्याचे नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होते, कारण तो भाग कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत होता. तिथेही सोव्हिएत पद्धतीचीच खेळशाळा होती. ते राज्यही १९९० साली संपले आणि दोन्ही जर्मनी एक झाल्या. या केम्निट्समध्ये रॉबिन शोल्कोवी नावाचा एक तरुण सराव करीत होता. तो पूर्व जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डचा. आई जर्मन, वडील आफ्रिकेतल्या टांझानियाचे. खेळाडू उत्तम, पण त्यालाही मनाजोगी जोडीदारीण नव्हती. त्याचा शिक्षक इंगो श्टॉयर हा १९९७ चा जोडीतला जगज्जेता.

२००३ साली अल्योना केम्निट्सला आली. गंमत बघा, जी दोन राज्ये नकाशावरून पुसली गेली होती, त्यांच्या खेळशाळांत वाढलेली ही माणसे बर्फावर एकत्र आली. एकीकडे खेळाडू होती, जोडीदार नव्हता. दुसरीकडे मैदान, शिक्षक आणि जोडीदार होता, खेळाडू नव्हती. जर्मनीने तिला विकत घेतले असे म्हणणे सोपे आहे. पण खरे पाहता एका रिकाम्या हाताने दुसरा रिकामा हात शोधला, एवढेच घडले.

मात्र हात धरला म्हणजे देश मिळाला असे होत नाही. इथे कागद आडवा येतो. जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेत जोडीतला एक जण त्या देशाचा नागरिक असला तरी चाले. दुसऱ्याने आपल्या जुन्या देशाच्या संघटनेकडून सुटकेचे पत्र आणायचे आणि ठरलेली मुदत थांबायचे. ऑलिंपिकचा नियम अधिक कडक. तिथे दोघेही त्या देशाचे नागरिकच हवेत. नागरिकत्व म्हणजे नुसता शिक्का नव्हे. ते मिळवायला त्या देशाची भाषा यावी लागते, कायदा समजावा लागतो आणि कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. अल्योनाला जर्मन नागरिकत्व मिळाले ते २००५ च्या अखेरीस. ट्यूरिनचे ऑलिंपिक फेब्रुवारी २००६ मध्ये होते. जेमतेम दीड महिन्याचे अंतर!

आणि नेमक्या त्याच वेळी नव्या घराच्या माजघरातले जुने भांडण तिच्या वाट्याला आले. पूर्व जर्मनीत स्टासी नावाचे गुप्त पोलीस खाते होते. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर, मित्राने मित्रावर नजर ठेवून बातमी द्यायची, असा त्याचा कारभार. ते राज्य गेल्यावर त्याची दप्तरे उघडली गेली. २००६ च्या आरंभी बाहेर आले की, शिक्षक श्टॉयर हाही तरुणपणी या खात्याला बातम्या देत असे. जर्मन ऑलिंपिक समितीने त्याला पथकातून वगळले. तो न्यायालयात गेला, आणि न्यायालयाच्या हुकमाने ट्यूरिनला पोचला. ज्या देशाचे नागरिकत्व मिळून महिना-दीड महिना झाला, त्या देशाच्या जुन्या पापाचा हिशेब या मुलीच्या डोळ्यांदेखत चालला होता. देश दत्तक घ्यायचा तर त्याची शेतीवाडीच नव्हे, त्याचे कर्जही अंगावर येते, ते असे. तिने आणि शोल्कोवीने शिक्षक बदलला नाही. ते बरोबर होते की चूक, यावर दोन मते असू शकतात. ज्यांच्यावर पाळत ठेवली गेली त्यांचे दुःख पदकांनी भरून येत नाही, हेही तितकेच खरे. त्या ऑलिंपिकमध्ये ही जोडी सहावी आली.

पुढची काही वर्षे मात्र त्यांचीच होती. २००८ साली स्वीडनमधील योटेबोर्ग येथे ती दोघे जगज्जेती झाली. त्यानंतर २००९, २०११, २०१२ आणि २०१४ अशी आणखी चार जगज्जेतेपदे. एकूण पाच! पण ऑलिंपिकचे सुवर्ण काही हाती लागेना. २०१० साली व्हँकुव्हरला कांस्यपदक मिळाले. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही चीनच्या जोड्यांनी नेले. रशियाची ती जुनी साखळी तिथे तुटली, पण ती तोडण्याचा मान जर्मनीला नव्हता. २०१४ साली रशियात सोची येथे पुन्हा कांस्य. तिथे मोठ्या खेळाच्या शेवटी त्यांनी हवेतली साडेतीन गिरक्यांची फेक करून पाहिली, आणि अल्योना बर्फावर पडली.

सोचीची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिथे सुवर्णपदक मिळवले रशियाच्या मक्सीम त्रान्कोव्हने आणि तात्याना वोलोसोझारने. ही तात्याना मूळची कोण? तीही युक्रेनचीच! अल्योनाचा पहिला नामांकित जोडीदार मोरोझोव, त्याच्याबरोबर ती आधी युक्रेनकडून खेळत असे. २०१० नंतर ती रशियाकडे गेली. म्हणजे सोचीच्या पदकमंचावर सोन्याचे पदक एका युक्रेनी मुलीच्या गळ्यात होते, कांस्याचे दुसऱ्या युक्रेनी मुलीच्या गळ्यात होते, आणि युक्रेनचे निशाण मात्र तिथे कुठेच नव्हते. ज्या मातीने रोप वाढवले तिच्या पदरी फळ पडले नाही, हे दुःख युक्रेनचे आहे, आणि ते खरे आहे. ज्याच्याजवळ मैदान आणि पैसा आहे त्याच्याकडे गुणी माणसे वाहत जातात. खेड्यातला हुशार मुलगा शहरात जातो आणि तिथलाच होतो, हे आपण नेहमी पाहतो. त्याला दोष देता येत नाही, आणि गावाची हळहळही खोटी नसते.

२०१४ साली शोल्कोवी निवृत्त झाला. अल्योना तिशीला पोचली होती. या खेळात तिशी म्हणजे म्हातारपणच. पाच जगज्जेतेपदे पदरात होती; थांबली असती तरी कोणी नाव ठेवले नसते. पण ती थांबली नाही. तिने नवा जोडीदार शोधला, ब्रुनो मासो. हा फ्रान्सचा, कां या शहरी जन्मलेला, तिच्याहून पाच वर्षांनी लहान.

आणि इथे गोष्टीने गिरकी घेतली. अकरा वर्षांपूर्वी अल्योना परकी म्हणून आली होती. आता ती घरची होती, आणि परका होता तो मासो. काल जिने माप ओलांडले, तीच आज नव्या माणसाला ओवाळायला उंबऱ्याशी उभी राहिली. फ्रान्सची संघटना त्याला सोडायला तयार नव्हती. २०१५ च्या शरद ऋतूपर्यंत दोघांना एकही स्पर्धा खेळता आली नाही, नुसता सराव. अखेर पैसे भरून सुटका झाली. ती रक्कम ३० हजार युरो असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. दोघे आल्प्स पर्वतातल्या ओबर्स्टडॉर्फ गावी अलेक्झांडर क्योनिग या शिक्षकाकडे सराव करू लागले. २०१६ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, २०१७ ला रौप्य. एकेक पायरी चढत होते.

पण ऑलिंपिकचे दार मासोला अजून बंद होते, कारण तो जर्मन नागरिक नव्हता. नागरिकत्वासाठी जर्मन भाषेची परीक्षा होती. हवेत बाईला फेकून अलगद झेलणारा हा धिप्पाड गडी भाषेच्या परीक्षेत अडला! पहिल्या झटक्यात तो पास झाला नाही. शिक्षक मंडळींना यातले मर्म लगेच कळेल. परक्या भाषेतली विभक्ती आणि लिंगे जिभेवर बसायला काय यातायात पडते, ते तुम्ही वर्गात रोज पाहता. पण गड्याने हार मानली नाही, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला नागरिकत्व मिळाले. ऑलिंपिकला तीन महिनेही उरले नव्हते.

फेब्रुवारी २०१८. दक्षिण कोरियातील प्योंगचांगचे ऑलिंपिक. अल्योनाचे हे पाचवे ऑलिंपिक: एक युक्रेनकडून, चार जर्मनीकडून. वय ३४. पहिल्या दिवशी छोट्या खेळात मासोची एक उडी चुकली; तीन गिरक्या घ्यायच्या, त्याने दोनच घेतल्या. गुण पडले ७६.५९ आणि क्रमांक चौथा. चीनची सुई वेनजिंग आणि हान त्सोंग ही जोडी ८२.३९ गुणांनी पहिली होती. जवळजवळ सहा गुणांची तूट. या खेळात ती एका रात्रीत भरून निघणे महाकठीण.

दुसऱ्या दिवशी, १५ फेब्रुवारीला, मोठा खेळ झाला. त्या साडेचार मिनिटांत दोघांची एकही उडी चुकली नाही, एकही हात सुटला नाही. फेकेनंतर ती बर्फावर उतरली ती पान उतरावे तशी. संगीत थांबले तसे दोघे बर्फावरच कोसळले, पण ते पडणे थकव्याचे आणि आनंदाचे. गुण मिळाले १५९.३१. तोपर्यंत जगात कोणत्याही जोडीला मोठ्या खेळात इतके गुण मिळाले नव्हते. बेरीज २३५.९०. पण आदल्या दिवशी त्यांच्या पुढे असलेल्या तीन जोड्या अजून यायच्या होत्या, आणि यांनी नुसते बघत बसायचे होते. एकेक जोडी आली आणि मागे राहिली. सर्वांत शेवटी चीनची जोडी आली. तिची बेरीज झाली २३५.४७. फरक किती? ०.४३! पूर्ण अर्धा गुणही नाही.

जोडी-स्केटिंगमधले जर्मनीचे यापूर्वीचे ऑलिंपिक सुवर्ण १९५२ सालचे, ऑस्लोचे. ६६ वर्षांनी ते पुन्हा जर्मनीला मिळाले. मिळवून दिले ते युक्रेनमध्ये जन्मलेल्या एका बाईने आणि फ्रान्समध्ये जन्मलेल्या एका पुरुषाने. पुढच्याच महिन्यात मिलानला दोघे जगज्जेती झाली. अल्योनाचे हे सहावे जगज्जेतेपद.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे पदक कोणाचे? कागद सांगतो, जर्मनीचे. आणि कागद खोटा नाही. तिथले मैदान, तिथले शिक्षक, तिथला आधार नसता तर ते झाले नसते. ओबुखिवचे तळे सांगेल, माझेही आहे. तेही खोटे नाही. पहिले पाऊल तिथे पडले. कां शहरही आपला हक्क सांगेल. पण मला वाटते, आपण प्रश्नच उलटा विचारतो. पदक कोणाचे हे ठरवण्यापेक्षा, देश आपला कशाने होतो हे पाहावे. जन्माने होतो तो देश फुकट मिळतो. तो टिकवायला काय करावे लागते याचा विचार आपल्यातले पुष्कळ जण आयुष्यभर करीत नाहीत. दत्तक घेतलेला देश मात्र कमवावा लागतो. त्यासाठी भाषा शिकावी लागते, वर्षे वाट पाहावी लागते, त्याचे जुने ऋण डोक्यावर घ्यावे लागते, आणि एवढे करून मागच्या घराची हळहळ सोबत बाळगावी लागते. अल्योनाने या चारही गोष्टी केल्या. मासोला तर तिने स्वतः आलेल्या वाटेवरूनच आत आणले.

शिक्षक बंधुभगिनींनो, भूगोलाच्या तासाला युरोपचा नकाशा फळ्यावर टांगाल तेव्हा कीवच्या खाली ओबुखिवची जागा मुलांना दाखवा, तिथून बोट केम्निट्सपर्यंत न्या आणि मग आल्प्समधल्या ओबर्स्टडॉर्फला. वाटेतल्या सीमा गेल्या शंभर वर्षांत किती वेळा सरकल्या तेही सांगा. मग मुलांना विचारा की, तुमच्या वर्गात दुसऱ्या गावाहून नाव काढून आलेला एखादा मुलगा आहे का, आणि त्याला खेळात कोणी जोडीला घेतले आहे का? उत्तर काय येते ते ऐका. धडा तिथूनच सुरू करता येईल.